नाडीवरचे टाके

आमच्या घरात खुर्चीवर बसण्याआधी प्रत्येकजण हाताने चाचपून बघायचा. पाहुण्यांना ही रीत जरा चमत्कारिक वाटे, पण घरच्यांना ती अनुभवाने अंगवळणी पडली होती. खुर्चीत, उशीखाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात, एकदा तर तांदळाच्या डब्यावर, कुठेही माझं विणकाम पसरलेलं असायचं, आणि विणकाम आलं की सुया आल्याच. हे ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी विचारत, "आज कुठली जागा सुरक्षित आहे?"

मुळात वाशीत लोकरीचं काम काय, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला होता. आम्ही राहायला आलो तेव्हा सेक्टरात निम्म्या इमारती उभ्या होत्या आणि निम्म्या उभ्या राहायच्या होत्या. मधल्या मोकळ्या प्लॉटांवरून खाडीचा दमट वारा थेट स्वयंपाकघरात यायचा. त्या वाऱ्यात भाजलेला पापड ताटात पडेपर्यंत मऊ व्हायचा. थंडी म्हणून काही पडायचीच नाही. पण माझा भाऊ नाशिकला, भाचा पुण्याला, चुलत बहीण तर पार इंदूरला. या सगळ्यांना थंडी वाजते, या एका समजुतीवर माझं विणकाम चालू होतं. त्यांना खरंच वाजत होती का, हे मी कधी विचारलं नाही.

माझ्याकडे सुयांचे जोड तीन आणि हातातली कामं पाच-सहा. हे गणित जमवायला मी नाडीचा उपाय काढला होता. नवं काही सुरू करावंसं वाटलं की जुन्या कामाचे टाके सुईवरून एकेक करून नाडीवर उतरवायचे, नाडीची दोन्ही टोकं गाठीने बांधायची आणि ते काम खुंटीला टांगून द्यायचं. टाके सुटत नाहीत, सुई मोकळी होते, आणि पुन्हा मनात आलं की जिथे सोडलं तिथून पुढे. यासाठी परकराच्या नाडीइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. गुळगुळीत, पुरेशी लांब आणि घरातच मिळणारी. माझे परकर आधी संपले, मग सासूबाईंचे. एकदा त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझा स्वेटर नीट राहावा म्हणून मी परकर हातात धरून फिरू का?"

मी त्यांना दुसरी नाडी आणून दिली. पण त्यांना ती पहिलीच हवी होती, पांढरी, सुती, लाल टोकांची. ती इंदूरच्या शालीत अडकली होती.

पुस्तकातला नमुना समोर ठेवून विणणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. मला ते कधी जमलं नाही. मी आधी काठ घालायची, काठ घालता घालता काय करायचं ते सुचायचं, आणि निम्म्यावर आल्यावर त्याहून बरं काहीतरी सुचायचं. मापं म्हणजे वीत आणि बोटं, आणि समोर जो सापडेल त्याची पाठ. नाशिकच्या भावाचा गळा ह्यांच्या गळ्यावर मोजला, ह्यांची मान बारीक, म्हणून तो स्वेटर भावाच्या डोक्यातून खाली उतरलाच नाही. शेवटी वहिनीने वापरला. लोकरीची लडी गुंडाळायला दोन हात लागतात, तेव्हा दाराशी येईल त्याला मी हात पुढे करायला लावायची. आमच्याकडे वाशीगावातून मासळी घेऊन येणारी मावशी पाटी खाली ठेवून उंबऱ्याशी बसायची आणि निमूटपणे दोन्ही हात धरायची. "काल हिरवा व्हता ना गो, आज पिवला कसा झाला?" एवढंच विचारायची. पुढे पुण्याचा भाचा तक्रार करायला लागला की तो स्वेटर घातला की मांजर मागे मागे येतं. मावशीच्या हाताचा आणि मांजराचा संबंध मी त्याला सांगितला नाही.

सांगायचं काय, तर माझं सहसा काही पूर्ण होत नाही अशी माझी दोन्ही घरांत ख्याती होती. आणि ती खरी होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, लहानपणापासून चुळबुळी, एका जागी बसली तर आजारी आहे का असं विचारावं लागे. या खेपेला आली ती एका जागी बसूनच राहिली. आधी दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा घरी रिकाम्या हातांनी परतावं लागलं होतं. पहिल्या वेळी सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची झबली शिवली होती, दुपटी शिवली होती, कुंचीला जर लावली होती. ते सगळं नंतर ट्रंकेत खाली गेलं आणि एक दिवस त्यांनी ते कुणाला न सांगता देऊन टाकलं. कुणाला दिलं हे आम्ही विचारलं नाही.

म्हणून नणंद आली त्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की बाळाच्या नावाने घरात धागासुद्धा यायचा नाही. झबलं नाही, दुपटं नाही, पाळण्याची चौकशी नाही. जे काय करायचं ते मूल हातात आल्यावर. एरवी त्या असल्या गोष्टी मानणाऱ्या नव्हत्या. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन पुढे जाणाऱ्या बाई. पण या बाबतीत त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी मान हलवली आणि विषय तिथेच थांबवला.

मान हलवली खरी, पण हातांना कोण सांगणार. खाडीवरचा पूल ओलांडून एकदा दादरला गेले तेव्हा फिकट पिवळी, कापसासारखी मऊ लोकर घेऊन आले. कुणासाठी, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही. दोन दिवस ती पिशवीतच होती. तिसऱ्या दिवशी पिशवीबाहेर आली, आणि चौथ्या दिवशी माझ्या मांडीवर वीतभर रुंद पिवळं काहीतरी विणून झालं होतं.

सासूबाई भाजी निवडायला समोर बसल्या. त्यांनी एकदा त्या वीतभर रुंदीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हे काय?"

"उशीचा अभ्रा," मी म्हणाले.

"एवढीशी उशी?"

मी सुईवरचे टाके मोजायला लागले. नणंद आत पडलेली होती, दार उघडं होतं. सासूबाईंनी मेथीच्या दोन काड्या निवडल्या, तिसरी हातात धरली आणि म्हणाल्या, "विण. तुझं कुठे काही पूर्ण होतंय." मग जरा थांबून आवाज उतरवून बोलल्या, "फक्त टाके बंद करायचे नाहीत. एकही भाग सुईवरून सोडवून पुरा करायचा नाही. पुरं झालं की ते झबलं झालं. तोवर ती नुसती लोकर."

आयुष्यात पहिल्यांदाच मला अर्धवट काम ठेवायची परवानगी मिळाली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट पूर्ण करावीशी वाटायला लागली.

पाठ झाली, खांद्याशी येऊन थांबले, टाके नाडीवर उतरवले. पुढचे दोन भाग झाले, तेही नाडीवर. खुंटीवर तीन पिवळे तुकडे लोंबायला लागले. मधून मधून सासूबाई त्यांच्या खालून जाताना मान जरा कलती करायच्या. मग मी बाही घेतली. घरात आता नाड्या उरल्या नव्हत्या. सासूबाईंची लाल टोकांची ती नाडी मी शेवटी इंदूरच्या शालीतून सोडवून आणली होती, त्यांना परत द्यायची म्हणून. ती बाहीला लागली.

त्यात एक दिवस काठाचा नमुना मला पसंत पडेना, म्हणून मी चार ओळी उसवायला घेतल्या. लोकर उसवताना एक बारीक करकर आवाज होतो. नणंद समोर बसली होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, उठली आणि गॅलरीत गेली. थोड्या वेळाने मी मागे गेले तर कठड्याला दोन्ही हातांनी धरून समोरच्या अर्धवट इमारतीकडे बघत उभी होती. मी घरात येऊन त्या चारही ओळी पुन्हा विणल्या, तोच नको असलेला नमुना.

त्या दिवसापासून उसवणं बंद. म्हणजे पूर्ण करायचं नाही आणि उसवायचंही नाही. विणकाम येणाऱ्या कुणालाही विचारा, या दोन्ही वाटा बंद झाल्या तर माणूस कुठे जाईल.

न विणण्याचीही सोय नव्हती, कारण एक दुपार मी सुया खाली ठेवून नुसती बसले तर नणंदेने आतून हाक मारली. गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वहिनी, थांबलीस का?"

"हात दुखले जरा."

"मग जरा वेळाने परत घे," ती म्हणाली. "कुणासाठी ते सांगू नको. नुसती विणत राहा. सुयांचा आवाज आला की मला वाटतं, चाललंय सगळं."

मी परत बाही हातात घेतली.

बाही संपवायची नाही, उसवायची नाही आणि थांबायचंही नाही, तेव्हा मी टाके वाढवायला लागले. प्रत्येक ओळीला दोन्ही कडांना एकेक. बाही मनगटाशी बाळाची होती, वर जाता जाता ती रुंद होत गेली. हे असं का, तर फुग्याची बाही आहे, असं मी स्वतःला समजावलं. मग ती फुग्याच्याही पुढे गेली. हे एकदा ती हातात घेऊन उजेडात धरून म्हणाले, "मुलगा असो की मुलगी, पहिलवान होणार."

पण या बाहीने भागत नव्हतं. ती मी मुद्दाम सावकाश विणत होते, आणि सावकाश विणायचं म्हटलं की माझ्या अंगात मुंग्या येतात. मग हात मोकळे व्हायला मी बाकीची कामं काढली. जिथे पूर्ण करायला मनाई नव्हती तिथे मी सुटलेच. नाशिकच्या भावाचा दोन वर्षं टांगलेला दुसरा स्वेटर पूर्ण झाला. इंदूरची शाल नवी नाडी न मागता पूर्ण झाली. भाच्याची कानटोपी, बहिणीचं जाकीट, शेजारणीने कधीकाळी मागितलेला आणि आता तिलाही आठवत नसलेला पायमोज्यांचा जोड, सगळं. ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर आमच्या लग्नाच्या वर्षी सुरू केलेला होता, तोही झाला. तो झाला म्हटल्यावर घालायला हवा. वाशीच्या उकाड्यात माझा नवरा बसच्या रांगेत तपकिरी स्वेटर घालून, कपाळ पुसत उभा राहायचा. ऑफिसात विचारलं तर सांगायचा की घरी जरा काळजीचे दिवस आहेत. लोकांना वाटे ह्यालाच ताप येतोय.

पोस्टाने पुडकी जाऊ लागली. नाशिकहून भावाचं उलट पत्र आलं, "सगळं ठीक आहे ना?"

मासळीवाली मावशी यायची, खुंट्या मोकळ्या होत चाललेल्या बघायची. एकदा त्या पिवळ्या तुकड्यांकडे बोट करून म्हणाली, "ह्ये तेवरं नाय सरत." मी म्हटलं, नाही सरत. तिने आत पडलेल्या नणंदेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्या दिवशी बोंबील जास्तीचे घालून गेली.

दिवस भरायला अजून बराच वेळ होता तेव्हा, एका सकाळी पोळ्या चालू असताना, नणंद दाराशी येऊन म्हणाली की तिला जायला हवं. आमच्या सेक्टरात नवीनच एक लहानसं प्रसूतिगृह निघालं होतं. चालत जाण्याएवढं जवळ, पण ह्यांनी रिक्षा आणली. सासूबाई तिच्याबरोबर बसल्या. मी गॅस बंद केला, परातीतल्या कणकेवर ताट झाकलं आणि मागून चालत गेले. चालता चालता कळलं की एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात सासूबाईंची.

दुपारच्या आत मुलगी झाली. रडली, स्पष्ट रडली. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, त्यांनी तो आवाज ऐकून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी फार लहान आहे, म्हणाल्या, पण श्वास चांगला आहे. अंग गार पडू द्यायचं नाही, आईच्या छातीशी ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे डोकं झाकायचं, लहान मुलांची ऊब डोक्यावाटे जाते. संध्याकाळपर्यंत अंग उबदार राहिलं तर इथेच ठेवू, नाहीतर पूल ओलांडून मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. एवढ्याशा जिवाला त्या प्रवासात घालायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

"लोकरीचं टोपडं घरून आणा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे असेलच."

आमच्याकडे नव्हतं. साऱ्या वाशीत ज्या घरात कधी नव्हे इतकी लोकर विणून झाली होती, त्या घरात बाळाच्या डोक्यावर घालायला एक टोपडं नव्हतं. हे ताबडतोब दादरला निघाले, पण जाऊन यायला संध्याकाळ झाली असती. सेक्टरातल्या दुकानात बादल्या, दोऱ्या आणि स्टोव्हच्या पिना मिळत.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा आग्रह, त्यांचा नियम, आणि आता त्यांना तो सांगताही येत नव्हता आणि मोडताही. मी धावत घरी गेले. खुंटीवरचे पिवळे तुकडे पिशवीत कोंबले, सुया, कात्री, शिवायची सुई, जे हाताला लागलं ते घातलं आणि परत आले. वाटेत नवं टोपडं किती वेळात विणून होईल याचा हिशेब करत होते आणि तो दर पावलाला चुकत होता.

बाकावर पिशवी उलटी केली. पाठ, पुढचे दोन भाग आणि ती एकुलती एक अवाढव्य बाही. मी नव्या टोपड्याचे टाके घालायला सुई उचलली, तेवढ्यात सासूबाईंनी बाही उचलली. तिची रुंद बाजू बघितली. मूठ वळून आत घातली, जरा फिरवली.

"शिवायची सुई दे."

मी दिली. त्यांनी बाहीच्या दोन्ही कडा जुळवून भराभर शिवल्या, नळी झाली. मनगटाकडचं तोंड धाग्याने ओढून आवळलं आणि गाठ मारली. तिथे टाळू झाली. वरचं रुंद तोंड तसंच होतं, सगळे टाके नाडीवर, नाडीची दोन लाल टोकं दोन बाजूंना लोंबत होती. टोपड्याला बंद असतात तशी. मी इतके महिने ती बाही कशासाठी रुंद करत होते, ते मलाही तेव्हाच कळलं.

"थांबा, टाके बंद करून देते," मी म्हणाले.

"नको." त्यांनी माझा हात धरला. "राहू दे नाडीवर."

आत त्यांनीच ते बाळाच्या डोक्यावर घातलं. डोकं म्हणजे मोठं लिंबू. टोपडं कपाळावर पुढे आलं, त्यांनी नाडी हलकेच ओढली, टाके एकत्र आले आणि चुणी पडून ते चेहऱ्याभोवती बरोबर बसलं. हनुवटीखाली त्यांनी सुरगाठ बांधली. नणंदेने खाली बघितलं. पिवळी बाही तिने ओळखली.

"आई, हे पूर्ण झालंय?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या वहिनीने विणलंय."

ती हसली. टाके दुखले म्हणून लगेच थांबली आणि परत हसली.

ती दुपार मी त्या खोलीत आत-बाहेर करत काढली. हातात सुया होत्या पण विणायला काही नव्हतं. दर थोड्या वेळाने सासूबाई प्रसूतिगृहातल्या दुपट्याखाली हात घालून बाळाची पावलं चाचपायच्या आणि मी त्यांचं तोंड बघायची. तोंडावर काही दिसायचं नाही. मग मी पुन्हा व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची. उन्हं कलली तेव्हा त्यांनी मला बोलावून माझा हात त्या पावलांना लावला. कोमट होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पूल ओलांडायची गरज नाही असं सांगितलं. हे दादरहून तीन वेगवेगळ्या मापांची टोपडी घेऊन आले. तिन्ही मोठी होती.

पुढे बरेच दिवस ते नाडीचं टोपडंच चाललं. धुवायचं तेव्हाही मी नाडी न काढता धुवायची, जीव मुठीत धरून. बारसं झालं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, मुलीच्या हनुवटीखाली वळी पडायला लागली, तरी टाके बंद करण्याचं कुणी नाव काढेना. सासूबाई नणंदेकडे बघायच्या, नणंद दुसरीकडे बघायची. उन्हाळा लागला, मुलगी घामेजायला लागली, टोपडं डोक्यावरून उतरून उशीखाली गेलं. तिथे ते तसंच राहिलं.

नणंद सासरी निघाली त्या दिवशी सामान दारात होतं, टॅक्सी खाली उभी होती आणि हे तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. तिने मुलीला सासूबाईंच्या हातात दिलं, आत गेली आणि उशीखालून ते टोपडं आणून माझ्यापुढे धरलं.

"कर आता बंद."

मी उंबऱ्यापाशीच खाली बसले. मासळीवालीची जागा ती. सुईवर टाके चढवले, नाडी ओढून काढली आणि एकावरून एक घेत टाके बंद करायला लागले. खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, हे कठड्यावरून त्याला "दो मिनट" म्हणून ओरडत होते, आणि मला घाई करता येत नव्हती. इतकं सावकाश मी कधीच विणलं नव्हतं. शेवटचा टाका उरला, त्यातून धागा ओवला, ओढला, कात्रीने कापला.

नणंदेने ते हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. नाडी गेल्यावर ते टोपडं राहिलं नव्हतं. एका टोकाला आवळलेली, दुसऱ्या टोकाला फुगलेली बाही, जिला कुठलाही स्वेटर नव्हता.

"आता हे काय झालं, वहिनी?"

"झालं," मी म्हणाले. "पूर्ण झालं."

तिने ते पर्समध्ये ठेवलं, मुलीला घेतलं आणि खाली उतरली. टॅक्सी पुलाकडे वळेपर्यंत आम्ही गॅलरीत उभ्या होतो. मग मी आत आले. तिन्ही जोड सुया मोकळ्या होत्या आणि घरात एकही खुर्ची बसायला धोक्याची नव्हती. हात नुसते गुडघ्यांवर पडले होते आणि मला ते कुणाचे तरी वाटत होते. शेवटी उठून मी पिशवीतली उरलेली पिवळी लोकर काढली आणि उंबऱ्याशी पडलेली नाडी उचलायला वाकले.

सासूबाई माझ्याआधी वाकल्या. त्यांनी ती झटकली, लाल टोकं जुळवून बघितली आणि बोटाभोवती गुंडाळली.

"ही माझी आहे," म्हणाल्या, आणि परकरात ओवायला आत निघून गेल्या.